मोदेना कॅथीड्रलची शिल्पांकित दर्शनी भिंत कशी वाचावी

इटलीच्या सहलीला निघालेले बहुतेक मराठी पर्यटक व्हेनिस आणि फ्लोरेन्स यांच्यामध्ये बोलोन्यापर्यंत येतात आणि तेथून दक्षिणेकडे वळतात. बोलोन्याच्या वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर असलेले मोदेना हे शहर त्यांच्या यादीत नसते आणि असलेच तर ते तेथील प्रसिद्ध सिरक्यासाठी किंवा मोटारींच्या संग्रहालयासाठी असते. रोमानेस्क, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकांतील युरोपीय शैलीची शिल्पकला म्हणजे काय हे एकाच भिंतीसमोर उभे राहून समजून घ्यायचे असेल, तर मात्र मोदेनाच्या कॅथीड्रलइतकी सोयीची जागा युरोपात फार थोडी आहे. याचे कारण केवळ शिल्पांच्या सौंदर्यात नाही. येथे शिल्पकाराचे नाव, वास्तुकाराचे नाव आणि पायाभरणीचा दिवस या तिन्ही गोष्टी दगडात कोरून ठेवलेल्या आहेत आणि बाराव्या शतकाच्या बाबतीत असे भाग्य क्वचितच लाभते.

या भिंतीसमोर गोंधळ उडतो तो मात्र निश्चित. आज दिसणारी पश्चिमेकडची दर्शनी भिंत एका वेळी, एका हाताने घडलेली नाही. विलिजेल्मो या शिल्पकाराने ती प्रथम शिल्पांनी सजवली. पुढच्या सुमारे शंभर वर्षांत कांपियोने गावाकडून आलेल्या शिल्पींनी तिच्यात नवीन दारे पाडली, वर मोठी चक्राकार खिडकी बसवली आणि त्या ओघात आधीचे काही शिलापट्ट मूळ जागेवरून हलवले. म्हणून ही भिंत डोळ्यांना जशी दिसते तशी सरळ वाचायला गेल्यास कथा तुटते. आधी काळाचे थर मनात वेगळे करावेत आणि मगच कथा वाचावी, हाच या संपूर्ण लेखाचा आग्रह आहे. पुढील पायऱ्या त्या क्रमाने दिल्या आहेत.

पूर्वतयारी

बायबलच्या मराठी भाषांतरातील उत्पत्ती या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय जाण्यापूर्वी वाचून ठेवावेत. त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि तेवढ्या वाचनावर दर्शनी भिंतीवरील मुख्य चार शिलापट्ट उलगडतात. सोबत लहान दुर्बीण घ्यावी. आठपट मोठे दाखवणारी, खिशात मावणारी दुर्बीण पुरेशी असते. मोबाइलचा कॅमेरा चित्र जवळ आणतो हे खरे, परंतु उठावशिल्पाची खोली त्यात सपाट होते आणि या शिल्पांचा प्राण तर खोलीतच आहे.

वेळेची निवड महत्त्वाची आहे. भिंत पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळभर ती सावलीत असते. त्या वेळी कोरीव लेख आणि बारकावे शांतपणे पाहता येतात, पण आकृत्या पार्श्वभूमीत मिसळल्यासारख्या वाटतात. दुपारी सूर्य दक्षिणेकडून पश्चिमेकडे सरकू लागला की ऊन भिंतीला घासून जाते, प्रत्येक चुणीला सावली मिळते आणि आकृत्या भिंतीतून पुढे आल्यासारख्या दिसतात. हा काळ फार मोठा नसतो. सूर्य समोर आला की सावल्या पुन्हा नाहीशा होतात. उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे ही संधी तेथील घड्याळाप्रमाणे उशिरा येते, एवढे लक्षात ठेवावे. म्हणून सकाळी उशिरा पोहोचून आधी लेख वाचावेत, मग दक्षिणेकडची आणि उत्तरेकडची दारे पाहावीत आणि दुपारी पुन्हा दर्शनी भिंतीसमोर यावे, हा क्रम उत्तम ठरतो. ३१ जानेवारी हा शहराचे संरक्षक संत सान जेमिनियानो यांचा सणाचा दिवस आहे. त्या दिवशी परिसरात जत्रा भरते, त्यामुळे निवांत पाहणीसाठी तो दिवस टाळावा.

बोलोन्याहून रेल्वेने मोदेनाला अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचता येते आणि स्थानकापासून कॅथीड्रलपर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. शहरात शिरताना वाट चुकण्याची भीती नाही, कारण कॅथीड्रललगतचा गिर्लान्दिना हा ८६ मीटर उंचीचा मनोरा दुरूनच दिसतो. कॅथीड्रल, मनोरा आणि पियात्सा ग्रान्दे हा चौक यांना मिळून १९९७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

पहिली पायरी : मागे सरकून भिंतीचा सांगाडा पाहावा

मोठा चौक कॅथीड्रलच्या दक्षिणेला आहे आणि बहुतेक लोक तेथेच थांबून छायाचित्रे काढतात. दर्शनी भिंत मात्र कोपरा वळून पश्चिमेला, तुलनेने अरुंद मोकळ्या जागेवर आहे. शक्य तितके मागे सरकून प्रथम शिल्पांकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे आणि केवळ बांधणी पाहावी.

दोन जाड, उभे स्तंभपट्टे भिंतीचे तीन भाग करतात. मधला भाग उंच असून बाजूचे दोन ठेंगणे आहेत. आतील मुख्य दालन आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्या यांचीच ही बाहेरून दिसणारी रूपरेषा आहे. मध्यभागी दोन मजली द्वारमंडप आहे. त्याचे खालचे खांब दोन सिंहांच्या पाठीवर उभे आहेत. भिंतीच्या मध्यावर, मोठ्या अर्धवर्तुळाकार कमानींच्या आत, तीन-तीन छोट्या कमानींचा सज्जा आडवा धावतो आणि तो केवळ दर्शनी भिंतीपुरता न राहता संपूर्ण इमारतीला वळसा घालतो. वास्तुकार लान्फ्रान्को याची खरी प्रतिभा या सज्ज्यात आहे, असे माझे मत आहे. शिल्पे नसती तरी या एका लयीमुळे इमारत लक्षात राहिली असती.

आता थर वेगळे करावेत. मधले दार, त्याच्या द्वारशाखा (म्हणजे दोन्ही बाजूंच्या उभ्या दगडी चौकटी), चार मोठे शिलापट्ट आणि पायाभरणीचा लेख हा विलिजेल्मोच्या काळचा, म्हणजे १०९९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांचा थर आहे. बाजूची दोन लहान दारे आणि वरची चक्राकार खिडकी हे कांपियोनेच्या शिल्पींचे नंतरचे काम आहे. तिसरा थर या दोघांहून कितीतरी जुना आहे. मोदेना हे रोमन काळातील मुतिना नावाचे शहर होते आणि कॅथीड्रलच्या बाहेरील दगडी आवरणासाठी त्या गाडल्या गेलेल्या शहराचे संगमरवर आणि चुनखडीचे दगड मोठ्या प्रमाणावर उकरून वापरले गेले. भिंतीतील दगडांचे रंग एकसारखे नाहीत ते त्यामुळेच. मुख्य द्वारमंडप पेलणारे दोन सिंहसुद्धा रोमन काळातील असून ते येथे पुन्हा वापरले आहेत. त्यांचे झिजलेले चेहरे आणि दक्षिणेकडील चौकात उघडणाऱ्या मोठ्या दारापाशी बसलेले, तेराव्या शतकातील तांबूस दगडाचे सिंह यांची नंतर तुलना करून पाहावी. हजार वर्षांहून अधिक अंतर लगेच नजरेत भरते.

दुसरी पायरी : लेखापासून सुरुवात करावी

पाहणाऱ्याची नजर स्वाभाविकपणे आधी चक्राकार खिडकीकडे किंवा सिंहांकडे जाते. ती आवरून मुख्य दाराच्या डावीकडे, वरच्या अंगाला असलेला कोरीव लेखाचा शिलापट्ट शोधावा. दोन दाढीधारी पुरुष तो दोन्ही बाजूंनी धरून उभे आहेत. हे हनोख आणि एलीया होत. बायबलच्या परंपरेनुसार या दोघांना मृत्यू आला नाही. त्यांना जिवंतपणीच स्वर्गात नेण्यात आले. पायाभरणीची तारीख कायम टिकावी म्हणून ती कधीच न मरणाऱ्या दोघांच्या हाती सोपवण्याची ही कल्पना मला संपूर्ण भिंतीवरील सर्वांत चतुर कल्पना वाटते.

लेखाची भाषा लॅटिन आणि रचना पद्यात आहे. सान जेमिनियानोच्या या वास्तूचा पाया केव्हा घातला गेला, ते त्यात सांगितले आहे. वर्ष थेट दिलेले नाही. हजार आणि त्यावर एक कमी शंभर, असे कोडे घातले आहे, म्हणजे १०९९. दिवसही रोमन पद्धतीने, जून महिन्याच्या मध्यबिंदूपासून मागे मोजून दिला आहे आणि तो ९ जून येतो. सूर्य मिथुनेतून कर्केकडे चढत असल्याचा उल्लेख आरंभी आहे.

लेखाच्या तळाशी अक्षरे अचानक दाटीवाटीने बसवलेली दिसतील. दुर्बिणीची खरी गरज येथे पडते. मूळ मजकूर संपल्यानंतर उरलेल्या जागेत दोन ओळी घातल्या आहेत आणि त्यांचा उच्चार साधारणपणे असा होतो : ‘इंतेर स्कुल्तोरेस क्वांतो सिस दिग्नुस ओनोरे, क्लारेत स्कुल्तुरा नुंक विलिजेल्मे तुआ’. शिल्पकारांमध्ये तू किती सन्मानास पात्र आहेस, हे, विलिजेल्मो, आता तुझ्या शिल्पातूनच स्पष्ट होते, असा त्याचा आशय आहे. ज्या काळात बहुसंख्य कारागीर अनामिक राहिले, त्या काळात शहराच्या सर्वांत पवित्र वास्तूच्या दर्शनी भागावर एका शिल्पकाराची स्तुती कोरली गेली. लान्फ्रान्कोची स्तुती करणारा लेखही आहे, परंतु तो इमारतीच्या मागच्या, अर्धवर्तुळाकार गाभाऱ्याच्या बाह्य भिंतीवर असून तेराव्या शतकाच्या आरंभी बसवलेला आहे.

या अभिमानामागे राजकीय परिस्थितीही होती. १०९९ साली मोदेनाच्या बिशपचे आसन रिकामे होते आणि नवे कॅथीड्रल बांधण्याचा निर्णय तेथील धर्मगुरू आणि नागरिक यांनी मिळून घेतला. बांधकामाची हकीगत सांगणारे एक हस्तलिखित कॅथीड्रलच्या संग्रहात जपलेले आहे. दगड कमी पडू लागले तेव्हा जमीन खणताना संगमरवराचे साठे सापडले, ही देवाची कृपाच, असे त्यात म्हटले आहे. ११०६ साली संताचे अवशेष नव्या वास्तूत हलवले गेले. तेव्हा त्या प्रदेशाची सत्ताधारी सरदारीण, कानोसाची मातिल्दे, आणि पोप पास्काल दुसरे हे दोघेही उपस्थित होते. तरीही कबरीची राखण करण्यासाठी सहा सरदारांबरोबर बारा नागरिकांची नेमणूक झाली. शहर स्वतःला या वास्तूचे मालक समजत होते, हे ध्यानात ठेवले की भिंतीवरील कथेची निवडही समजू लागते.

तिसरी पायरी : चार शिलापट्ट क्रमाने वाचावेत

हे चार पट्ट प्रत्येकी साधारण मीटरभर उंचीचे आहेत. ते डावीकडून उजवीकडे वाचायचे असतात, पण आज ते एका रेषेत नाहीत. पहिला आणि चौथा पट्ट बाजूच्या दारांच्या वर चढवलेला आहे. दुसरा आणि तिसरा मुख्य दाराच्या डाव्या-उजव्या बाजूंना, खालच्या पातळीवर आहेत. कांपियोनेच्या शिल्पींनी बाजूची दारे पाडली तेव्हा टोकांचे दोन पट्ट वर सरकवावे लागले. ते मनातल्या मनात खाली उतरवावेत आणि चारही पट्टांची एक सलग पट्टी कल्पनेने जुळवावी. मगच डाव्या टोकाला जावे.

पहिल्या पट्टाची सुरुवात बदामाच्या आकाराच्या प्रभावळीतील परमेश्वराने होते. दोन देवदूत ती प्रभावळ पेलून धरतात आणि परमेश्वराच्या हातात उघडे पुस्तक आहे. त्यानंतर आदामाची निर्मिती येते. परमेश्वर आदामाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि अजून पूर्ण ताठ उभे राहता न येणारा आदाम त्या स्पर्शाने जागा होत असल्यासारखा वाटतो. पुढे निजलेल्या आदामाच्या कुशीतून हव्वा बाहेर येते. परमेश्वराने तिला मनगटाला धरून वर ओढले आहे. शेवटी झाडाला विळखा घातलेला सर्प आणि फळ तोंडाशी नेणारा आदाम दिसतो.

दुसऱ्या पट्टावर सर्वांत अधिक वेळ द्यावा. त्यातील तीन प्रसंग म्हणजे परमेश्वराने दोघांना जाब विचारणे, देवदूताने त्यांना बागेबाहेर घालवणे आणि जमीन खणणारे आदाम आणि हव्वा. बाहेर चाललेल्या दोघांकडे नीट पाहावे. प्रत्येकाचा एक हात पानाने लज्जा झाकण्यात गुंतलेला आहे आणि दुसरा हात गालावर टेकलेला आहे. शोक दाखवण्याची ही खूण रोमन काळापासून चालत आलेली होती, पण विलिजेल्मो ती दोघांनाही एकाच वेळी, एकामागोमाग एक देतो, त्यामुळे चालण्याची गतीच जड होते. शरीरे ठेंगणी, डोकी मोठी, पाय भुईला चिकटलेले. प्रमाणबद्धतेच्या मोजपट्टीने पाहणारा येथे नाक मुरडेल, पण दुःखाचे वजन दाखवण्यासाठी याहून योग्य शरीरे सुचत नाहीत. शेजारीच, अंगावर कपडे आलेली तीच जोडी एका लहानशा झाडाच्या दोन्ही बाजूंनी कुदळ चालवते आहे. या खणण्याला शिक्षा म्हणायचे की कामाचा सन्मान, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्या शहरात नागरिकांनी आणि कारागिरांनी कॅथीड्रल उभारले, त्या शहराच्या भिंतीवर मला त्यात श्रमाची प्रतिष्ठा दिसते.

तिसऱ्या पट्टावर काइन आणि हाबेल आपापले अर्पण घेऊन येतात. मधोमध परमेश्वराची प्रभावळ आहे आणि ती पाठीवर तोलणारा, दबलेला एक भारवाहक तिच्याखाली आहे. त्यापुढे हत्येचा प्रसंग आणि मग परमेश्वराने काइनला जाब विचारण्याचा प्रसंग येतो.

चौथ्या पट्टाचा आरंभ अनेकांना कळत नाही, कारण तो प्रसंग बायबलमध्ये त्या स्वरूपात नाही. आंधळ्या लामेखाने चुकून बाण सोडून काइनला मारले, अशी एक जुनी ज्यू दंतकथा मध्ययुगीन युरोपात सर्वश्रुत होती आणि तीच येथे कोरली आहे. बाण लागलेला काइन कोसळताना दिसतो. त्यानंतर नोहाचे तारू येते आणि ते नावेपेक्षा कमानी असलेल्या इमारतीसारखे अधिक दिसते. कमानींमधून आतल्या माणसांची डोकी बाहेर पाहतात. शेवटी नोहा आणि त्याचे मुलगे तारवातून बाहेर पडतात आणि कथा संपते. प्रलय ओसरल्यानंतर, नव्या आरंभाच्या क्षणी शिल्पकाराने हात थांबवला आहे आणि वाचक त्या वेळी नेमका कॅथीड्रलच्या दाराशी असतो.

चौथी पायरी : मुख्य दाराच्या आत उभे राहावे

द्वारशाखांच्या बाहेरील बाजूवर वेलींची गुंतागुंतीची नक्षी आहे. ती तळाशी भारवाहक पुरुषांपासून उगवते आणि वर जाता जाता तिच्या वळणांत प्राणी, पक्षी आणि लहान मानवाकृती अडकलेल्या दिसतात. याचा आनंद घेताना घाई करू नये, पण येथेच थांबूही नये. दाराच्या जाडीत, म्हणजे द्वारशाखांच्या आतील बाजूंवर, बारा संदेष्ट्यांच्या आकृती छोट्या कोनाड्यांत उभ्या आहेत आणि त्या बाहेर उभे राहून दिसत नाहीत. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा अशी ही मांडणी असून प्रत्येकाचे नाव कोरलेले आहे. यशया, दानीएल, मोशे, अहरोन ही नावे ओळखण्याचा प्रयत्न करावा. प्रार्थनेच्या वेळी लोकांची ये-जा चालू असते, त्यामुळे बाजूला सरकून उभे राहावे.

भिंतीवर आणखी दोन छोटी उठावशिल्पे शोधण्यासारखी आहेत. पंख असलेला एक कुमार उलटी मशाल धरून तिच्यावर रेलला आहे आणि अशी दोन शिल्पे आहेत. त्यांपैकी एकात शेजारी लांब चोचीचा पक्षी दिसतो. उलटी मशाल ही रोमन शवपेटिकांवरील मृत्यूची खूण होय. रोमन दगड उकरून काढणाऱ्या शिल्पींनी रोमन प्रतिमाही आत्मसात केल्या, याचा याहून थेट पुरावा नको.

पाचवी पायरी : दक्षिण-उत्तरेकडची दारे आणि संग्रहालय

चक्राकार खिडकी आणि तिच्या आसपासची ख्रिस्तचरित्रकारांची, म्हणजे चार शुभवर्तमानांच्या लेखकांची, प्रतीके दुर्बिणीतून पाहून झाली की दर्शनी भिंत तात्पुरती सोडावी. दक्षिणेकडील राजपुत्रांच्या दारावर, दाराच्या पाटावर, म्हणजे वरच्या आडव्या दगडावर, सान जेमिनियानोने पूर्वेकडे प्रवास करून सम्राटाच्या मुलीला पिशाचबाधेतून मुक्त केल्याची कथा आहे. १९४४ च्या बाँबहल्ल्यात या दाराची हानी झाली होती आणि नंतर त्याची दुरुस्ती करण्यात आली.

उत्तरेकडे, मनोऱ्याच्या बाजूला असलेले मासळीबाजाराचे दार मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. त्याच्या कमानीवर घोडेस्वार एका गडाकडे धाव घेताना दिसतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेले आहे. त्यांत ‘आर्तुस दे ब्रितानिया’, म्हणजे राजा आर्थर, आहे आणि गडात कोंडलेल्या स्त्रीचे नाव ‘विन्लोजे’ असे आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हे शिल्प आर्थरकथेच्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक मानले जाते. ब्रिटनमधील दंतकथा उत्तर इटलीतील कॅथीड्रलच्या दारावर, तीही इतक्या लवकर कशी पोहोचली, हा प्रश्न अभ्यासकांना आजही गुंतवून ठेवतो. कमानीखालच्या पाटावर दोन कोंबडे एका कोल्ह्याची तिरडी खांद्यावर घेऊन चालले आहेत. कोल्हा अर्थातच मेल्याचे सोंग करतो आहे. द्वारशाखांच्या आतल्या बाजूंवर बारा महिन्यांची कामे क्रमाने कोरली आहेत.

तेथून जवळच, लान्फ्रान्कोच्याच नावाच्या गल्लीत, कॅथीड्रलची संग्रहालये आहेत. छताच्या कडेला बसवलेली आठ विलक्षण शिल्पे आता तेथे मूळ रूपात ठेवली असून छतावर त्यांच्या प्रतिकृती आहेत. दोन शेपट्यांची जलपरी आणि जगाच्या पलीकडच्या टोकाला राहणारे काल्पनिक मानव ज्या अंतरावरून तेथे पाहता येतात, त्या अंतरावरून बाराव्या शतकातील कोणाही नागरिकाला ती पाहता आली नव्हती. संग्रहालयाची वेळ आणि साप्ताहिक सुट्टी आधी तपासून घ्यावी.

ऊन पश्चिमेकडे कलले की पुन्हा दर्शनी भिंतीसमोर येऊन दुसरा शिलापट्ट एकदा तरी पाहावा. या वेळी लेख, क्रम, थर यांचा विचार करण्याची गरज उरलेली नसते.

पुढचा दिवस हाताशी असेल, तर दोन दिशा सुचवता येतात. पश्चिमेला पार्मा येथे बेनेदेत्तो आंतेलामी याच्या देखरेखीखाली ११९६ साली सुरू झालेली अष्टकोनी बाप्तिस्मागृहाची इमारत आहे. ईशान्येला फेर्रारा येथील कॅथीड्रल ११३५ सालचे असून त्याचे मुख्य दार विलिजेल्मोच्या परंपरेत वाढलेल्या निकोलाऊसने घडवले आहे. दोन्हींपैकी एकच शक्य असेल, तर फेर्राराला जावे, कारण तेथेही दारावरच्या लेखात शिल्पकाराचे नाव आहे आणि मोदेनाच्या लेखाशेजारी ठेवून तो वाचता येतो.